हबीब टांगेवाल्याची धडकी

नंदुरबार स्टेशनाबाहेर टांगे उभे राहत, त्यांत हबीबचा टांगा नवख्या माणसालाही लगेच ओळखू येई. गाडी धडधडत आत आली, इंजिनाने वाफ सोडली, की बाकीचे टांगेवाले खाली उतरून घोड्यांची तोंडं धरून ठेवत. हबीब मात्र आपल्या जागेवर बसून पान लावत असे. त्याची पांढरी घोडी, शहजादी, इंजिनाकडे ढुंकूनही बघत नसे. खेड्यापाड्याची माणसं बरोबर बायका-मुलं असली, की हबीबचाच टांगा शोधत.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीच्या हिवाळ्यातली गोष्ट. कोरीटचे दोधू पाटील आणि त्यांची बायको सुंदरबाई नातेवाइकांकडचं लग्न उरकून सकाळच्या गाडीने उतरले आणि हबीबच्या टांग्यात बसले. कोरीटकडे जाताना एक गाडीवाट रूळ ओलांडून जायची. तिथे फाटक नव्हतं. धुकं इतकं होतं, की शहजादीचे कान तेवढे दिसत होते. टांगा रुळांवर चढला आणि उजवं चाक रुळालगतच्या खड्ड्यात रुतलं. हबीबने खाली उतरून चाकाला खांदा लावला. पाटीलही उतरले. तेवढ्यात धुक्यातून शिट्टी ऐकू आली.

पाटलांनी सुंदरबाईंना दंडाला धरून ओढलं आणि दोघं कडेच्या उतारावर जाऊन पडली. हबीबलाही उडी मारता आली असती, पण घोडी टांग्याला जुंपलेली होती. तो साजाचे पट्टे सोडू लागला. शेवटचा पट्टा काही केल्या सुटेना. तो कसा सुटला, हे पुढे त्याला कधीच आठवलं नाही. त्याला आठवत होतं ते एवढंच, की आपण शहजादीच्या मानेला लटकलोय आणि पाठीमागे लाकूड फुटल्याचा आवाज होतोय. मालगाडीने टांग्याचा भुगा केला आणि बरंच पुढे जाऊन ती थांबली. माणसं आणि घोडी, कुणालाही खरचटण्यापलीकडे काही झालं नाही.

त्या दिवशी हबीब घाबरला नव्हता. ड्रायव्हरने त्याला पाणी पाजलं, पाटलांनी मिठी मारली, आणि तो हसला. पुढचे काही दिवस चहाच्या हॉटेलात ही हकिगत तो रंगवून सांगत होता. धाकटा भाऊ वाहिद खापरला जाऊन एक जुना टांगा घेऊन आला, त्याला रंग दिला, आणि गाडं पुन्हा रुळावर आलं असं सगळ्यांना वाटलं.

मग एका दुपारी हबीब अंगणात बसून घोडीसाठी कडबा तोडत होता. सरकी काढायच्या जिनाचा भोंगा वाजला. तो भोंगा लहानपणापासून रोज वाजत आलेला. पण त्या दिवशी तो ऐकला आणि हबीबच्या हातातला विळा गळून पडला. छातीत कुणीतरी आतून घण घालावा तसं होऊ लागलं. श्वास पुरेना. बोटांना मुंग्या आल्या, ओठ सुकले, अंगावरून थंड घाम वाहू लागला. हे आपलं शेवटचंच, अशी त्याची खात्री पटली. त्याने कलमा पढला आणि भिंतीला टेकून डोळे मिटले.

त्याची बायको साबिरा धावत आली. “क्या हुआ जी?”

“दिल बंद हो रहा है,” तो कसाबसा म्हणाला.

दिल बंद झालं नाही. थोड्या वेळाने सगळं ओसरलं. कपडे घामाने भिजलेले, हातपाय गळून गेलेले, पण माणूस जिवंत. साबिराने त्याला साखरपाणी दिलं. संध्याकाळपर्यंत तो नीट होता. पण दोन दिवसांनी स्टेशनाच्या रस्त्यावर तसंच झालं. नंतर एकदा मशिदीत, नमाजाच्या रांगेत उभा असताना.

तिथून हबीब हळूहळू आक्रसत गेला. आधी त्याने स्टेशनावर जाणं सोडलं. मग स्टेशनाकडे जाणारा रस्ता सोडला. मग बाजार, कारण बाजारात झालं तर लोक बघतील. शेवटी तो टांग्याच्या सीटवरही चढेना. टांगा वाहिद हाकू लागला. हबीब घरात बसून स्वतःची नाडी धरून राही. नाडी जरा जोरात लागली की घाबरे, आणि घाबरला की नाडी आणखी जोरात पळे.

साबिराने ताविज आणला. तो बांधल्यावर आठवडाभर बरं वाटलं, मग पुन्हा पहिले पाढे. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं रुळांवरचं काहीतरी बरोबर आलं. हबीबला मात्र दोनच गोष्टी पटत होत्या. एक तर आपलं काळीज खराब झालंय. आणि ते नसेल, तर आपण भित्रे झालोय. दुसरी गोष्ट त्याला पहिलीपेक्षा वाईट वाटत होती.

कापसाच्या गाड्या घेऊन दोधू पाटील नंदुरबारला आले, तेव्हा हबीबची चौकशी करायला घरी गेले. दारात त्यांना दिसला तो वाळलेला, दाढी वाढलेला माणूस.

“हबीबभाई, काय व्हयनं तुमले?”

हबीबने आधी टाळलं. मग पाटील उठेनातच, तेव्हा सांगून टाकलं. “आबा, मन्हा जीव जाई ऱ्हायना अशे वाटस. रोज. काळीज फुटी जाई अशे वाटस.”

पाटलांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, “मन्ही बायको आजून टांगामा बसत नही. बैलगाडीमाबी नही. परवा बहीणकडे जानं व्हतं, तं पायी पायी गई. आम्ही सगळा हसनूत तिले.” ते जरा ओशाळले. “हसाले नको व्हतं.”

हबीबने मान वर केली. त्या सकाळी आपल्याखेरीज आणखी कुणाला काही झालं असेल, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

“चला,” पाटील उठत म्हणाले. “सुकलाल डॉक्टरकडे जाऊत.”

सुकलाल डॉक्टर रनाळ्याच्या शेतकरी घरातला मुलगा. मुंबईला शिकून आला होता, पण रोग्यांशी अहिराणीतच बोलायचा. त्याचा दवाखाना बाजाराच्या अलीकडे होता. तेवढी वाट चालतानाही पाटलांना हबीबचा हात धरावा लागला.

डॉक्टरने सगळं नीट ऐकून घेतलं. छातीला नळी लावली, पाठीला लावली, डोळे पाहिले, नखं पाहिली. बराच वेळ ऐकलं. मग म्हणाला, “हबीबभाई, आते हाई वट्यावर चढा आनि उतरा. चढा, उतरा. मी थांब म्हणस तवपावत.”

हबीब त्याच्याकडे बघतच राहिला. “डॉक्टरसाहेब, मी मरी जासू.”

“मी आठेच उभा शे.”

हबीब ओट्यावर चढू-उतरू लागला. धाप लागली, छाती धडधडू लागली, कपाळावर घाम आला. डॉक्टरने थांबवलं.

“काळीज कशे चाली ऱ्हायनं?”

“जोरमा.”

“भोंगा वाजना त्या दिसले चाले तशेच?”

हबीबने छातीवर हात ठेवला. “तशेच.”

“मंग मरी ऱ्हायनात का आते?”

हबीब विचारात पडला. तो मरत नव्हता. धाप कमी होत होती. “नही,” तो म्हणाला.

“तुम्हनं काळीज बैलसारखं शे,” डॉक्टर म्हणाला. “तेले काहीच व्हयेल नही.”

हबीब मटकन बाकावर बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवण्याइतकीही ताकद त्याच्यात उरली नव्हती. पाटील खिडकीबाहेर बघत राहिले.

मग डॉक्टरने त्याला समजावून सांगितलं. आजचा शेवटचा रोगी असल्यासारखं, सावकाश. भीती काळजात तयार होत नाही, मेंदूत होते. मेंदूच्या पार तळाशी फार जुना भाग आहे. तसा तो कुत्र्या-मांजरांतही असतो, घोड्यांतही असतो. धोका दिसला की तो विचार करत बसत नाही, कुणाला विचारत नाही. नसांमधून हुकूम सोडतो. मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन लहान ग्रंथी असतात, त्या रक्तात एक रस सोडतात. मग काळीज पळतं, श्वास वाढतो, रक्त हातापायांकडे धावतं, तोंड सुकतं. म्हणजे माणसाला पळता यावं, नाहीतर झुंजता यावं.

“त्या सकाळले तो पट्टा कोनी सोडा?” डॉक्टरने विचारलं. “तुम्हनी भीतीनी सोडा. ती नसती तं तुम्ही नसतात, घोडीबी नसती.”

हे हबीबला कुणीच सांगितलं नव्हतं.

कपाळामागे मेंदूचा दुसरा भाग असतो, डॉक्टर पुढे म्हणाला. तो विचार करतो, आणि घाबरलेल्या तळाच्या भागाला आवरतो. एरवी दोघांचं चांगलं जमतं. पण त्या सकाळी तळाचा भाग एक धडा शिकून बसला, की शिट्टी म्हणजे मरण. रूळ, चाक, धूर, गर्दी, जे जे त्याला त्या सकाळसारखं वाटतं, ते सगळं मरण. त्याला समजावून सांगून उपयोग नसतो, त्याला ना मराठी कळते ना हिंदुस्थानी. त्याला फक्त दाखवता येतं. आणि तुम्ही तर त्याला रोज उलटंच दाखवताय. स्टेशनाच्या वाटेवरून माघारी फिरलात, की तो म्हणतो, बघा, पळालो म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी तो आणखी लवकर घाबरतो.

“हाई कशे व्हस, ते आम्हले डॉक्टर लोकसलेबी आजून पुरं समजेल नही,” त्याने कबूल केलं. “पन जितलं समजनं, तितलं हाई शे.”

हबीब बाकावर पुढे सरकून बसला. मग म्हणाला, “शहजादी सारंगखेडानी जत्रामाईन लयी व्हती. पहिलांदा इंजिन दखं, तं टांगा लिसन पळनी.”

“मंग काय करं तुम्ही?”

“लांबथून दखाडं. लिंबना झाडखाले. तठे तिले उभी करी दी. थरथर करे. मी हात फिरावू. थरथर थांबनी मंगच घर लयी जावू. ती पळाले लागनी तवय माघारी फिरावी नही, डॉक्टरसाहेब. फिरावी तं ती शिकी जास का पळनं म्हनजे सुटनं. दुसरा दिस जरा पुढे.”

डॉक्टर हसला. पुस्तकात त्याने हेच कुत्र्यांबद्दल वाचलं होतं, असं त्याने सांगितलं. औषधाची बाटली दिली नाही. “आते सोता घोडी व्हा,” एवढंच म्हणाला.

त्या संध्याकाळी हबीब पोटभर जेवला. आपण मरत नाही आहोत ही गोष्ट त्याने साबिराला पुन्हा पुन्हा सांगितली, आणि दर वेळी तिने ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकली. धडकी काही लगेच गेली नाही. पण ती आली, की आता तो नाडी धरत नसे. तो जुना भाग उठलाय, असं मनाशी म्हणायचा आणि कडबा तोडत राहायचा. विळा आता हातातून सुटत नसे.

बाहेर पडायला मात्र त्याचे पाय अजून तयार नव्हते. वाहिदमुळे तो बाहेर पडला. एका सकाळी वाहिद रागारागात टांगा घेऊन परतला. शहजादीच्या मांडीवर चाबकाचा वळ उठला होता.

“पहले भड़कती थी, अब तो स्टेशन की तरफ जाती ही नहीं,” वाहिद म्हणाला. “मोड़ पे अड़ जाती है. कितना मारो, नहीं हिलती.”

हबीब उठून घोडीजवळ गेला. वळावरून बोट फिरवलं, तशी तिची कातडी थरथरली. त्या अपघातानंतर शहजादी कशी आहे, हे आपण एकदाही विचारलं नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. सगळं लक्ष स्वतःच्या नाडीवर. त्याने वाहिदच्या हातून चाबूक घेतला, कोपऱ्यात टाकला, आणि लगाम धरून घोडीला पायीच बाहेर काढली. साबिरा दारात उभी राहून बघत होती.

त्या दिवशी ते दोघं स्टेशनाच्या वळणापर्यंत गेले. तिथे शहजादी थांबली आणि हबीबही थांबला. दूर कुठेतरी इंजिन शंटिंग करत, डबे मागेपुढे ढकलत होतं. हबीबच्या छातीत घण सुरू झाले, घोडीच्या नाकपुड्या फुलल्या. त्याने तिच्या मानेवर हात ठेवला. तिची नाडी त्याच्या तळहाताखाली पळत होती, त्याची कानशिलात. दोघं तसेच उभे राहिले. आणि हबीबला पहिल्यांदाच एक गोष्ट नीट कळली. आजवर धडकी वर चढू लागली की तो पळाला होता, म्हणून ती चढून कुठवर जाते हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. ती चढली, चढली, आणि मग उतरली. काही न करता. नदीचा पूर उतरावा तशी. शहजादीने मान खाली घालून रस्त्याकडेचं गवत हुंगलं. मगच ते घरी आले.

पुढे ते रोज जाऊ लागले. कधी वळणाच्या पुढे, कधी वळणापर्यंतही नाही. एकदा तर हबीब मालधक्क्याच्या भिंतीशी खाली बसला आणि ओकला. ओळखीचा एक हमाल म्हणाला, “काय व्हयनं रे?” “धडकी भरनी,” हबीब म्हणाला. लपवलं नाही, आणि लपवलं नाही म्हणून त्याला हलकं वाटलं. हमाल शेजारी बसून बिडी ओढत राहिला. उठताना हबीबने पाहिलं, की घोडी त्याच्यासाठी थांबली आहे, ओढत नाही.

काही दिवसांनी टांगा जोडला. मग रिकामा टांगा घेऊन स्टेशनाच्या चौकापर्यंत. बाकीचे टांगेवाले थट्टा करत, पण त्यात आकस नव्हता.

मध्येच कोरीटहून दोधू पाटील आले, आणि बरोबर सुंदरबाई. त्या पायीच आल्या होत्या आणि तसं त्यांनी ठणकावून सांगितलं. हबीबने अंगणात उभा असलेला टांगा दाखवला. “काकी, फक्त बसा. चालावत नही.”

सुंदरबाईंनी टांग्याभोवती एक फेरी मारली. दोन्ही चाकं हलवून पाहिली. मग चढून बसल्या, पदर आवळून, ओठ घट्ट मिटून. घोडी जुंपलेलीच नव्हती. थोडा वेळ झाला. “बरं शे,” त्या म्हणाल्या आणि उतरल्या. परत जातानाही त्या पायीच गेल्या. पण पाटील जाता जाता म्हणाले, की सकाळी येताना ती एवढीही तयार नव्हती.

याच सुमारास सुरतेहून निरोप आला. हबीबची मुलगी बिस्मिल्ला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येत होती. वाहिद तिला आणायला जाईल, असं घरात ठरलं. हबीबने ते ऐकून घेतलं. गाडीच्या दिवशी सकाळी तो उठला, दाढी केली, घोडीला खरारा केला आणि टांगा जुंपला. वाहिद चप्पल घालत बाहेर आला, तेव्हा हबीब सीटवर बसलेला होता.

“मैं साथ चलूँ?” वाहिदने विचारलं.

हबीबने विचार केला. “हाँ, चल,” म्हणाला. एकट्याने जाऊन दाखवण्याची हौस त्याला राहिली नव्हती.

स्टेशनाबाहेर ते आपल्या जुन्या जागी उभे राहिले. हबीब खाली उतरला आणि शहजादीच्या तोंडाशी उभा राहिला, जे त्याने पूर्वी कधी केलं नव्हतं. सिग्नल पडला. रूळ वाजू लागले. गाडी येण्याआधीच त्याला धडकी भरली. इंजिन फलाटाशी आलं आणि शिट्टी झाली. शहजादीने कान मागे पाडले, एक पाय आपटला. हबीबने लगाम घट्ट धरला. त्याच्या मनात आलं, पळ. पण तो पळाला नाही. त्याने घोडीच्या कपाळाला कपाळ लावलं आणि श्वास सोडला, लांब, जेवढा सुटेल तेवढा. पुन्हा घेतला, पुन्हा सोडला. वाफेचा फुसकारा झाला. घोडीचा एक कान पुढे आला. मग दुसरा.

धडकी होती. पण ती होती आणि हबीबही होता, एवढा फरक पडला होता.

माणसं बाहेर येऊ लागली. त्यांत नवऱ्याच्या मागून जड पावलं टाकत बिस्मिल्ला आली. ती चाचाला शोधत होती. घोडीपाशी बापाला पाहून ती थांबली. त्याच्या आजाराचं तिच्या कानावर गेलं होतं.

“अब्बा, आप आए?”

“आया,” हबीब म्हणाला. त्याचा आवाज जरा कापला, पण कापला तर कापला. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, गाठोडं घेतलं, आणि पायरीशी एक गुडघा टेकून तिला दुसऱ्यावर पाय देऊन वर चढायला लावलं.

घरी येताना सगळा रस्ता बिस्मिल्ला बोलत होती. सासूबद्दल, सुरतेच्या खाऱ्या पाण्याबद्दल, आणि मधूनच, हलक्या आवाजात, बाळंतपणाची फार भीती वाटते म्हणून. हबीब ऐकत होता. “लगेगा,” तो म्हणाला. “तेरी माँ साथ रहेगी. मैं बाहर बैठा रहूँगा.” तिला एवढं पुरलं. ती पुन्हा सासूकडे वळली.

साबिरा दाराशी वाट बघत होती. तिने आधी मुलीला पाहिलं, मग सीटवर कोण बसलंय ते पाहिलं, आणि पदराने तोंड पुसत आत वळून भाकरी टाकायला गेली. हबीबने साज उतरवला, घोडीला पाणी पाजलं, आणि सगळ्यांबरोबर पंगतीला बसला. जेवण झाल्यावर ओसरीत जरा आडवा झाला. आत मायलेकींच्या गप्पा चालू होत्या, जावई आणि वाहिद हसत होते, आणि त्या सगळ्या गलबल्यात हबीबला गाढ झोप लागली. अपघातानंतर दिवसाउजेडी तो असा कधी झोपला नव्हता. दुपार कलताना अस्रची अजान झाली तेव्हा वाहिद त्याला उठवायला निघाला, पण साबिराने हातानेच थांबवलं. “सोने दो,” ती म्हणाली.